उजवा बोल्ट बसत नाही

५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, म्हणजे आम्ही दोघंच आहोत आणि दोघंही धडधाकट आहोत. फोनवर काही बोलायचं म्हटलं की बाबा स्पीकर लावून शेजारी बसतात आणि मधेच तुला तिकडच्या हवेबद्दल विचारायला लागतात. म्हणून म्हटलं, कागदावर लिहावं. उत्तर घरी पाठवू नकोस, आपल्या पक्कड मेकॅनिकच्या गॅरेजवर पाठव. घरचं टपाल ते आधी उघडतात आणि मग विचारतात, 'तुझं काही आलंय का?'

विषय एका लोखंडी दांडीचा आहे. हसू नकोस.

माझं काम तुला माहीत आहे. पहाटे निघायचं, टेकडीपलीकडच्या छोट्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि ते गरम व्हायच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचे. दुपारी घरी येऊन जेवायचं आणि मेल्यासारखं झोपायचं. गाडी तीच, बाबांची छोटी हॅचबॅक. पण हल्ली वळणावर तिचा मागचा भाग लचकतो. पुढची चाकं वळतात आणि मागची विचार करत बसतात, असं वाटतं. डिकीतून करकर आवाज येतो. उतारावर मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरतो की घरी आल्यावर घास घेताना बोटं दुखतात.

पक्कड म्हणाला, मागच्या दोन शॉकअपची टोकं जिथे बॉडीला बसतात, तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी दांडी टाकायची. ब्रेस बार म्हणतात तिला. बॉडी ताठ राहते, लचकणं कमी होतं. त्याच्याकडे भंगारात गेलेल्या अशाच गाडीची एक पडून होती, ती त्याने मला दिली. मागची सीट काढायची, अस्तर सोडवायचं, दोन्हीकडे बोल्ट आवळायचे. एका सुट्टीचं काम.

बाबा नको म्हणतात. नुसतं नको नाही, हटूनच बसलेत. "गाडीला हात लावायचा नाही." का, तर "मी सांगतो म्हणून." ज्या माणसाने अर्ध्या गावाला गाडी शिकवली, बॉनेट उघडल्याशिवाय कुणाला पहिला गिअर टाकू दिला नाही, तो माणूस म्हणतो हात लावायचा नाही!

तू त्यांना समजाव. तुझं ऐकतात. माझ्यात वाद घालायची ताकद उरलेली नाही.

तुझा,
चिमण्या

१९ फेब्रुवारी

चि. चिमण्यास (पस्तिशीच्या),

पत्र मिळालं. चादरींच्या गठ्ठ्यांत हरवलं होतं, माझ्या हाताखालच्या मुलीने वाफेच्या यंत्रात जाता जाता वाचवलं. इथे हॉटेल भरलेलं आहे. सकाळपासून चादरी येतात, पांढऱ्याच, आणि रात्री डोळे मिटले की पापण्यांच्या आतही पांढरंच दिसतं. तेव्हा दमण्याबद्दल मला सांगू नकोस.

आता दांडीबद्दल. तुझं वय काय, तू करतोस काय? अशा दांड्या शर्यतीवाली पोरं लावतात. आमच्या हॉटेलातला एक वेटर लावून फिरतो, त्याच्या गाडीचा आवाज तो यायच्या आधी येतो. बॉडी लचकते म्हणे! लचकणार नाही तर काय, म्हातारी झाली ती.

आणि बाबा का नको म्हणतात, ते तुला खरंच कळत नाही? मागच्या सीटवर आई बसायची. शेवटचं वर्षभर त्याच सीटवर आडवी होऊन दवाखान्यात जायची. ती सीट उपसून काढायची म्हणतोस तू. तोंडाने बोलत नाहीत, पण त्यांनाही जीव आहे. सोड तो नाद. हळू चालव.

मी पुढच्या महिन्यात येईन म्हणते. बघू.

ताई

९ मार्च

प्रिय ताई,

तुझं ऐकलं नाही. आईचं लिहिलंस, ते वाचून दहा-बारा दिवस दांडीला हात लावला नाही. मग परवा उतारावर एका वळणाला गाडी मागून अशी सरकली की नमुन्यांची पेटी सीटवरून खाली आली. कुणाकुणाच्या दंडातून काढलेलं रक्त पायाशी सांडलं आणि मी कडेला थांबून ते पुसत बसलो. आई असती तर तिनेच दांडी बसवून घेतली असती.

काल सुट्टी होती. अंगणातच काम काढलं. पक्कड हत्यारं घेऊन आला. बाबा खुर्ची टाकून बसले, पण तोंड फिरवून. सीट निघाली. सीटखाली आईची केसांची पिन सापडली. मी बाबांच्या हातात दिली, त्यांनी खिशात टाकली. म्हणजे तुझा अंदाज, ताई, चुकला होता. सीटचं त्यांना काहीच नव्हतं.

डावीकडचं अस्तर काढलं, दांडीचं टोक शॉकअपच्या टोकावर ठेवलं, बोल्ट हाताने फिरत गेले. पक्कड म्हणाला, "लोण्यात सुरी." मग उजवीकडे गेलो. बसेना. दांडीची भोकं एकीकडे, बोल्ट एकीकडे, मधे बोटभर अंतर. आम्ही दांडी उलटी करून बघितली, डावीकडचं सैल केलं, जॅक लावून गाडी उचलून बघितली. घामाघूम झालो. मी म्हटलं, "बाबा, जरा या, मी दांडी दाबून धरतो, तुम्ही नट लावा." त्यांनी नट घेतला आणि बोल्टच्या शेजारच्या पत्र्यावर टेकवला. परत टेकवला. परत तिथेच. मग म्हणाले, "हात थरथरतोय," आणि नट माझ्या तळव्यावर ठेवून आत निघून गेले. हात थरथरत नव्हता, ताई. मी बघत होतो.

पक्कडने टेप काढली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं, मग उलट तिरकं. दोन्ही मापं जुळत नाहीत. "बॉडी पिळलीये," म्हणाला. उजवीकडचं अस्तर पूर्ण सोलून काढलं, तर आत पत्र्यावर ठोकल्याच्या खुणा, त्यावर पुट्टी, त्यावर रंग. मागून उजव्या कोपऱ्यावर जबरदस्त आदळलेली आहे गाडी. वरून कुणीतरी गुळगुळीत करून दिलीये. पक्कड म्हणाला, "हे माझ्याकडचं काम नाही. म्हणजे मला कळू नये अशी कुणाची तरी इच्छा होती." आणि म्हणाला, दांडी ओढूनताणून बसवता येईल, पण मग वाकडेपणाच पक्का होईल. दांडी काढून ठेवली.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "माझ्या हातून काही नाही झालं. गेल्या वर्षी तू काविळीने दवाखान्यात होतास तेव्हा महिनाभर गाडी तुझ्या बहिणीकडे होती. तिला विचार."

म्हणून विचारतो. रागावणार नाही, आता राग यायलाही उसंत लागते. तू ठोकली होतीस का? मला सांगितलं असतंस तर मी वर्षभर त्या उतारावरून असा गेलो नसतो. एवढंच.

चिमण्या

२१ मार्च

चिमण्या,

याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. नाही. मी ठोकली नाही. मी गाडी बाबांच्या ताब्यात दिली तेव्हा ती जशी होती तशी होती, आणि तू मला हे विचारूच कसं शकलास, हा प्रश्न मी चार दिवस चादरींच्या घड्या घालताना स्वतःला विचारतेय. मी लांब राहते, म्हणून माझ्या नावावर काहीही खपतं का?

पहिलं पत्र लिहून फाडून टाकलं. हे दुसरं. आता थंड डोक्याने लिहिते, नीट वाच.

तू आजारी होतास तेव्हा मी घरी होते. जेवताना बाबांच्या उजव्या हाताचा पेला दोनदा सांडला. दोन्ही वेळा त्यांनी मलाच बोल लावला, पेला कुठेही ठेवतेस म्हणून. फाटकात शेजारचे काका उजवीकडून आले, तर बाबा त्यांच्यावर आदळले आणि उलट त्यांनाच म्हणाले, "बघून चालत जा." आणि काही बघायचं असलं की घुबडासारखी अख्खी मान वळवायचे. मला वाटलं, मान धरलीये. मी इथे आल्यावर मानेचा पट्टा पाठवला होता, आठवतोय? शहाणी मी. तो पट्टा त्यांनी एकदाही लावला नाही आणि मी फोनवर रागावले होते.

त्यांची मान ठीक आहे, चिमण्या. त्यांना उजवीकडचं दिसत नाही.

मी निघाले तेव्हा तू अजून दवाखान्यातच होतास. तुला डबा कोण आणायचं? चालत आणायचे का?

आणि आता दुसरं विचार. दुपारी तू मेल्यासारखा झोपतोस तेव्हा गाडी कुठे असते? मला घाबरायला झालंय. किल्ली तुझ्याकडे घे आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. आज ने. मी उंटावरून शेळ्या हाकतेय, माहीत आहे. हाकू दे.

ताई

८ एप्रिल

प्रिय ताई,

आधी माफी. मग बाकीचं.

तुझं पत्र खिशात घेऊन मी तीन-चार दिवस नुसता हिंडलो. विचारायचं कसं? ज्यांनी आपल्याला गाडीच्या आरशात बघायला शिकवलं त्यांना म्हणायचं, तुम्हाला दिसत नाही? शेवटी एका दुपारी झोपायचं सोंग केलं. ते चपला हातात घेऊन, पाय न वाजवता बाहेर गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी धावत फाटकाशी गेलो आणि उभा राहिलो. काय करणार? फोन करून दचकवायचं? थोड्या वेळाने ते चौकाच्या दुसऱ्या बाजूने हळूहळू आले, गाडी लावली, आणि मी समोर येईपर्यंत त्यांना मी दिसलोच नाही.

म्हणाले, "बॅटरी उतरू नये म्हणून फिरवून आणली."

मी म्हटलं, "बाबा, उजवीकडचं दिसत नाही ना तुम्हाला?"

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. मग म्हणाले, "मी फक्त डावीकडे वळतो. डावीकडे, डावीकडे, डावीकडे, घर. डावीकडचं मला चांगलं दिसतं."

मी शेजारी जाऊन बसलो. हसावं की रडावं कळेना. मग त्यांनीच सांगितलं. मी दवाखान्यात होतो तेव्हा डबा देऊन निघताना पार्किंगच्या उतारावर ते गाडी मागे घेत होते. उजवा खांब दिसला नाही. आवाज झाला, गोंधळले, ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला, आणि गाडी खांबावर दुसऱ्यांदा गेली. "त्याआधी एक बाई लेकराला घेऊन तिथूनच गेली होती," म्हणाले. "खांब होता म्हणून बरं." मग पलीकडच्या गावात रस्त्याकडेला पत्र्याचं काम करणारा एक डेंटर गाठून त्याच्याकडून ठोकून घेतली. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही गेले, एकटेच. काचबिंदू. थेंब दिले होते. थेंब घातले तर घरात बाटली दिसेल, म्हणून घातले नाहीत.

तेव्हा मात्र माझा आवाज चढला. "मी वर्षभर या गाडीने उतरतोय, बाबा! रोज! तुम्हाला माहीत होतं!"

"माहीत होतं," म्हणाले. "तू घरी येईपर्यंत मी खिडकीतून हलत नव्हतो."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू किल्ली मागितली असतीस."

मी म्हटलं, "आणि ताईचं नाव?"

त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला ते विसरता येत नाही. "ती लांब आहे. लांबच्या माणसावर ढकललं की जवळचं घर शांत राहतं."

ताई, माझा राग तिथेच विझला. भांडायला समोरचा माणूस मोठा असावा लागतो. ते मला एवढेसे दिसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. गेलं ते परत येणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आहे ते टिकवायचं. दिवसातून दोनदा थेंब. मी घालतो. डोळे मिटून मान वर करून बसतात, लहान मुलासारखे, आणि थेंब पडायच्या आधीच दचकतात. किल्ली माझ्या खिशात असते. मागितली नाही, त्यांनीच समोर धरली. त्या दिवसापासून जवळजवळ बोलत नाहीत. जेवतात, थेंब घालून घेतात, झोपतात.

मी दमलोय गं. आधीही दमलो होतो, पण आता घरी आल्यावरही कुणीतरी समोर दमून बसलेलं असतं.

चिमण्या

२० एप्रिल

चिमण्या,

खालचा भाग बाबांना वाचून दाखव. मोठ्याने. फोनवर मला जमणार नाही, मी रडेन आणि ते हवेबद्दल विचारतील.

बाबा, तुम्ही माझं नाव पुढे केलंत याचा मला फार राग आला. अजून आहे. तो पत्रात मावणार नाही, म्हणून भांडायला स्वतः येतेय. तोंडावर भांडेन, तुम्हीही तोंडावर भांडा. मुकाट्याने ऐकून घेतलंत तर जास्त चिडेन. आणि थेंब चुकवायचे नाहीत.

चिमण्या, पुढच्या महिन्यात येते, पुढच्या महिन्यात येते, असं मी किती दिवस म्हणत होते. इथून सुटता येत नव्हतं हे खरं, पण सुटायची घाईही नव्हती. घरी आलं की घर अंगावर येतं. असो. रजा टाकलीये, मंजूर झालीये. मी आले की तुझी पहाटेची फेरी मी करणार. तू झोप. उठवलं तरी उठू नकोस.

आणि ती पिळलेली गाडी तोवर सरळ करून घे. मला त्या उतारावरून जायचंय.

ताई

२ जून

प्रिय चिमण्या,

सुखरूप पोचले. हॉटेल होतं तसंच आहे, चादरीही.

तीन आठवडे कसे गेले कळलं नाही. तू पहिले दोन दिवस झोपलास तेव्हा बाबा दाराशी येऊन तुझा श्वास बघून जायचे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आणि आम्ही भांडलो, शेजारच्या काकांनी खिडकी उघडून ऐकावं इतकं भांडलो. शेवटी ते म्हणाले, "चुकलंच माझं, आता चहा टाक." त्यांच्याकडून यापेक्षा जास्त मिळत नसतं. मी टाकला.

आता मुद्द्याचं. काल बॅग रिकामी करताना तळाशी, मोज्यांच्या आत, गाडीची किल्ली सापडली. मी पहिल्यांदा स्वतःलाच शिव्या घातल्या, तुझी किल्ली पळवून आणली म्हणून. मग आठवलं, मला सोडायला स्टेशनवर तू गाडीनेच आला होतास, आणि परतही गेलास. मग ही कुठली? मोजे मी भरलेच नव्हते. 'बॅगेत जागा आहे, हे दोन जोड ठेव' म्हणून बाबांनी आणून दिले होते.

परत पाठवू का?

ताई

१६ जून

प्रिय ताई,

पाठवू नकोस. तुझ्याकडेच ठेव.

दुसरी किल्ली आहे हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे मी खिशातल्या किल्लीवर हात ठेवून झोपायचो, ते सगळे दिवस ते हवं तेव्हा गाडी काढू शकत होते. काढली नाही. मी त्यांना काही विचारलेलं नाही. विचारणारही नाही. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

इथलं सांगतो. तू यायच्या आधीच पक्कडने गाडी चिमट्यांत धरून खेचून सरळ केली होती, पण ती थोडी चालू दे, मग पुन्हा मोजू, असं म्हणाला होता. परवा मोजली. जुळली. मग आम्ही दांडी परत काढली. पुन्हा अंगणात, पुन्हा सीट बाहेर. या वेळी बाबा खुर्चीतून उठून आले. उजवीकडच्या शॉकअपच्या टोकावर त्यांनी बोटं फिरवली, डोळे भलतीकडेच होते, बोल्ट चाचपला आणि नट लावला. हाताने फिरला. पक्कडने पाना पुढे केला, तर त्यांनी तो मला द्यायला लावला. "आवळ तू. एकदम नाही. थोडा इकडे, थोडा तिकडे." वर्गातला आवाज होता तो. मी बऱ्याच दिवसांनी ऐकला.

सीट बसवल्यावर मी म्हटलं, "चला, बघू या कशी चालते." उतारावर गेलो. ताई, काय सांगू! करकर थोडी आहे, वय आहे तिचं. पण मागचा भाग आता पुढच्याबरोबर वळतो. मी वळणांवरून जात होतो आणि वाट बघत होतो, आता बोलतील, क्लच सोड म्हणतील, आरसा बघ म्हणतील. शिकणाऱ्याच्या शेजारी बसलेला माणूस आयुष्यात कधी पापणी मिटत नाही, असं ते सगळ्यांना सांगायचे. काही बोलले नाहीत. मला वाटलं, परत रुसले. खाली सपाट रस्त्याला लागल्यावर बघितलं, तर डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. झोपले होते. दिवसाउजेडी, दुसऱ्याच्या हातात गाडी असताना.

घर आलं. मी वेग कमी केला, मग पुन्हा वाढवला. फाटकावरून तसाच पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं होतं, अंग ठणकत होतं, पण कुठे थांबलो असतो तर ते जागे झाले असते.

चिमण्या